आधी मोज, मग बोल

चिरंजीव,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. चार पानांतली अडीच पानं पुण्यातला आपला पाषाण तलाव कसा संपला यावरच खर्ची पडली आहेत. पक्षी सप्ताहातल्या फेरीत कुणा जाणत्याने तुम्हा पोरांना ‘इथे आता काही राहिलं नाही, भिगवणला जात जा’ असं सांगितलं आणि तू ते तसंच उचलून घरी आणलंस. सुतारवाडीत राहतोस, चपला घालून निघालास की बांधावर पोचतोस, आणि आता तिथे जायला पाय उचलत नाही म्हणतोस. वर आणखी दोन प्रश्न. साठवलेल्या पैशांतून मित्रांसारखी मोठी लेन्स घ्यावी का, आणि ‘या सगळ्याचा उपयोग काय’ असं बाबा विचारतात त्यांना काय सांगावं.

तिन्हीवर मला एकच गोष्ट सांगायची आहे, त्यामुळे पुढे तेच तेच वाचावं लागेल. काकू म्हणतोस ना, मग सोस.

तलाव संपला म्हणतोस. त्या दिवशी पक्षी किती होते?

पत्रात नाही. मी दोनदा शोधलं. ‘बदकं थोडीफार, बगळेबिगळे नेहमीचेच, बाकी सगळी जलपर्णी.’ थोडीफार म्हणजे आठ की ऐंशी? गेल्या नोव्हेंबरात याच आठवड्यात किती होती? कुठे उभं राहून पाहिलीस? किती वाजता? यातलं काहीच सांगता येत नसेल, तर तलाव संपला हे तू पाहिलेलं नाहीस, नुसतं ऐकलं आहेस. ज्याने सांगितलं त्यालाही विचारून बघ, त्याच्या खिशातूनही आकडा निघायचा नाही. आधी मोज, मग बोल.

आता रागावू नकोस. त्या अडीच पानांनंतर एक ओळ अशी आली की मी चष्मा पुसून परत वाचली. ‘थापट्या आले आहेत, पण सगळ्या माद्याच दिसतात. नर कुठे गेले?’ अरे, हे तुला दिसलं! त्या फेरीतल्या किती जणांना दिसलं असेल?

नर तुझ्या समोरच आहेत. वीण आटोपली की बदकांचे नर झगमगीत पिसं टाकून माद्यांसारखे तपकिरी होतात. उडायची पिसं तर सगळी एकदमच गळतात, काही आठवडे उडताच येत नाही, मग अशा वेळी कुणाच्या डोळ्यांत न भरलेलंच बरं. थापट्याचा हा साधा वेष बरेच दिवस टिकतो आणि तो तसाच इथे येऊन उतरतो. आता डोळा बघ. नराचा पिवळा असतो, मादीचा तपकिरी. उडाला की पंखाचा खांद्याकडचा भाग बघ, नराचा फिकट निळा, मादीचा करडा. डिसेंबरात एकेकाचं डोकं हिरवट काळं व्हायला लागेल, छातीवर पांढरं ठिगळ उमटेल, कुशी तांबूस होतील. वहीत तीन रकाने पाड. तपकिरी किती, अर्धवट रंगलेले किती, पुरते रंगलेले किती. दर आठवड्याला भर. हे रंगणं एकाच तळ्यावर पुन्हा पुन्हा जाणाऱ्यालाच दिसतं. जानेवारीत गाडी करून एकदाच जाणारा माणूस रंगीत नर बघतो आणि म्हणतो, वा, नर आले!

आणि पक्ष्यांचा हंगाम म्हणजे नोव्हेंबर ते फेब्रुवारी, हे तुमच्या डोक्यात कुणी भरवलं? ऑगस्ट सरता सरता, पाऊस अजून पडत असताना, हिरवा तुतवार एकटाच येऊन काठाला शेपूट हलवत उभा असतो. गणपतीच्या आगेमागे करडा धोबी येतो. तुम्ही तेव्हा मांडवात. दसऱ्यानंतर तारांवर माळभिंगऱ्यांच्या रांगा बसतात आणि दलदली भोवत्या हा शिकारी पक्षी पाणगवतावर खालून फिरायला लागतो. तो आला की सगळी बदकं एकदम उठतात. मोजायला ती वेळ वाईट, पण आपण धरलेला आकडा किती कमी होता हे तेव्हाच कळतं. बदकं भरतात ती डिसेंबर-जानेवारीत. शिमग्याच्या सुमारास काटेसावर आणि पांगाऱ्यावर भोरड्यांचा कल्ला. मार्च-एप्रिलमध्ये पिवळा धोबी जाण्याआधी खरोखरचा पिवळा होतो. हिवाळाभर त्याला मळकट बघितलेल्या माणसाला त्यात जी गंमत आहे ती मी पत्रात कशी घालू? उन्हाळ्याच्या शेवटी पाणी आटतं, चिखल उघडा पडतो, सगळे म्हणतात तळं गेलं. तेवढ्यात चातक ओरडतो.

पावसाळा तर तुम्ही सोडूनच दिलेला. तेव्हा इथले, कायमचे राहणारे, संसाराला लागतात. कमळपक्ष्याला लांब शेपटी फुटते. याच्या घरातली रीत उलटी आहे. मादी मोठी, ती अंडी घालून दुसऱ्या नराकडे निघून जाते आणि अंडी उबवणं, पिलं सांभाळणं सगळं नर करतो. पाण्यावर तरंगणाऱ्या पानांवरच अंडी असतात. तू शिव्या देतोस त्या जलपर्णीवरसुद्धा असतात. जांभळ्या पाणकोंबडीलाही ती जलपर्णी फार मानवते.

मी जलपर्णीची वकिली करत नाहीये. दक्षिण अमेरिकेतली ही वनस्पती सांडपाण्यावर पोसते आणि पाण्याचं तोंड झाकून टाकते. रामनदीतून जे काय वाहून येतं ते तुला रोज नाकाला कळतं. थापट्या, चक्रांग यांना उघडं पाणी लागतं, ते झाकलं की ती बदकं जातात. पण म्हणून यंत्र घालून एका दमात सगळं काढायचं, तेही जुलै-ऑगस्टात? तेव्हा वर अंडी असतात. कधी काढायची, किती काढायची, कुठल्या कोपऱ्यात ठेवायची, हे सांगायला कुठला पक्षी कुठे आणि किती, हे महिन्यांच्या क्रमाने माहीत असावं लागतं. तीच कथा गाळाची. गाळ काढलाच पाहिजे, तळं भरत आलेलं आहे. पण काठ सरळसोट उभा केला की तुतवाराला पाय ठेवायला चिखल उरत नाही, आणि वरून दगडी भिंत बांधली की काठ हा प्रकारच संपतो. पाणी दिसायला छान दिसतं मात्र. शेकाट्यांची गोष्ट आणखी वेगळी. ते वाढले म्हणून कुणी टाळ्या पिटायला लागलं तर त्याला गप्प बसव. उथळ घाण पाण्यातल्या अळ्यांवर त्यांचं छान चालतं. आकडा वाढला तरी बातमी वाईट असू शकते. पण ती बातमी कळायलाही आकडा लागतोच!

मागे एका बैठकीला गेले होते. कुठली, कुणाची, ते जाऊ दे. तळ्याचं काय करायचं यावर बोलणं चाललं होतं. आमच्याकडची मंडळी तावातावाने बोलली. पूर्वी आभाळ झाकोळायचं, हजारोंनी बदकं उतरायची, आता काही उरलं नाही वगैरे. समोर एक तरुण इंजिनिअर बसला होता, त्याने पेन उघडलं आणि विचारलं, ‘हजारो म्हणजे किती लिहू? कुठल्या वर्षी?’ कुणी बोलेना. त्याने थोडा वेळ वाट पाहिली आणि पेनाचं टोपण लावलं. आमचे लोक अजून त्या पोराला नावं ठेवतात. मला त्याचा काहीच दोष वाटत नाही. मग मी माझ्या वह्या काढल्या. त्याने एकेक आकडा उतरवून घेतला, हिवाळ्यामागून हिवाळा. शेवटी विचारलं, ‘हे बांधाच्या बाजूचं झालं. वरच्या अंगाचं, नदी तळ्यात शिरते तिथलं?’ ते माझ्याकडे नव्हतं. कुणाकडेच नव्हतं.

पुढे काय झालं विचारशील. व्हायचं तेच झालं. माझ्या आकड्यांनी एक दगडसुद्धा हलला नाही. तू म्हणशील, मग कशाला एवढा आटापिटा? हे बघ, मी काही तळं वाचवायला मोजत नाही. तसं असतं तर केव्हाच थकले असते. पण त्या खोलीत त्या दिवशी जे काही खरं बोललं गेलं ते तेवढंच होतं, आणि ते कागदावर आहे. मला तेवढं पुरतं. तुला पुरेल की नाही हे तुझं तू बघ.

मोजायचं कसं, हे तुला कुणी शिकवलेलं दिसत नाही. एकेक पक्षी मोजत बसू नकोस, निदान थव्यात नको. आधी दहा पक्षी मोजून तेवढा गठ्ठा डोळ्यांत बसव, मग तोच गठ्ठा थव्यावर डावीकडून उजवीकडे ठेवत जा. परत येताना उजवीकडून डावीकडे. दोन्ही आकडे लिही, सरासरी घरी काढ. निघायची वेळ, थांबायची वेळ, वारा, पाणी कुठल्या दगडापर्यंत आहे, जलपर्णीने अंदाजे किती भाग झाकलाय. आणि शून्य लिही. भुवई बदक नाही दिसलं तर त्याच्यापुढे शून्य. तुझी आई कालनिर्णयावर दुधाचा हिशोब लिहिते ना, त्यात खाडा लिहिल्याशिवाय महिन्याचा मेळ बसतो का? तसंच आहे हे. ईबर्डच्या संकेतस्थळावर पक्ष्यांच्या याद्या टाकतोस ते चांगलंच, पण तिथे ‘ओळखलेले सगळे पक्षी नोंदवले का’ असं विचारतात, तिथे खरं उत्तर देता येईल अशीच यादी कर. तशा पूर्ण यादीवरूनच काय नव्हतं हे कळतं. आणि आकड्याच्या जागी एक्स टाकायची सोय आहे म्हणून एक्स टाकत सुटू नकोस. तुझ्या गेल्या महिन्याच्या यादीत टिबुकली एक्स, वारकरी एक्स, ढोकरी एक्स, आणि एका कैकरापुढे मात्र ठसठशीत एक! म्हणजे दुर्मीळ आला की मोजायचं, बाकीच्यांना उडवून लावायचं. मला ते वाचून फार चीड आली, खरंच सांगते.

नेहमीचे, नेहमीचे म्हणतोस. २०२३ साली भारतातल्या पक्ष्यांच्या स्थितीचा अहवाल आला. ९४२ जातींचा आढावा, ३० हजारांहून जास्त निरीक्षकांच्या तीन कोटी नोंदींवरून. सगळे तुझ्या-माझ्यासारखेच लोक. बरेच घटले आहेत म्हणून जागतिक पातळीवर पुन्हा तपासा, अशी शिफारस ज्या १४ जातींबद्दल झाली त्यांत कोण आहेत ठाऊक आहे? नीलपंख आहे. आणि थापट्या, चक्रांग, साधा तुतवार. म्हणजे आपल्या बांधावरून दिसणारे. ज्यांना तू आणि तुझा तो जाणता ‘नेहमीचे’ म्हणून ओलांडून जाता ते.

ज्या दोन जन्मदिवसांच्या मधे आपण हा सप्ताह साजरा करतो, ५ नोव्हेंबरला मारुती चितमपल्ली आणि १२ नोव्हेंबरला सालीम अली, त्यातल्या सालीम अलींचंच बघ. १९३० च्या सुमारास हातात नोकरी नव्हती, अलिबागजवळ किहीमला राहात होते. तिथे त्यांनी कुणाचा अभ्यास केला? सुगरणीचा. ज्या पक्ष्याची घरटी पोरं शाळेतून येताना बघतात त्या सुगरणीचा. नर घरटं अर्धं विणतो, मादीला पसंत पडलं की पुरं करतो, आणि ती अंड्यांवर बसली की दुसरं घरटं विणून दुसरीला बोलावतो, हे त्यांनी बसून बसून, लिहून लिहून काढलं. बाबांना ही गोष्ट सांगायची असेल तर सांग. नोकरी नसलेला भाग गाळलास तरी चालेल.

लेन्सबद्दल. मी विरुद्ध आहे असं सगळे समजतात, तसं नाही. पैसे तुझे आहेत. फोटोवरून तुतवाराची जात पक्की होते, अभ्यासकांनी पक्ष्याच्या पायात घातलेलं कडं वाचता येतं, मला ते दुर्बिणीतून कधी जमलं नाही. पण मी बघते की लेन्स आली की माणूस जिथे पक्षी जवळ येतो तिथे जातो, आणि जिथे तो लांब बसतो ती जागा सोडून देतो. मग वर्षभराने यादी मोठी होते आणि एकाही जागेबद्दल काही सांगता येत नाही. भिगवणला जा की. उजनीच्या पाण्यावर रोहित बघ, पट्टकदंब बघ. हिमालय ओलांडून आलेला पक्षी आहे तो, बघायलाच हवा. पण मोजणीच्या दिवशी जाऊ नको.

यावर माझ्याशी बऱ्याच जणांनी वाद घातला आहे, म्हणून तुला सांगूनच टाकते. भरतपूरला सायबेरियन क्रौंच येत होते तेव्हाची गोष्ट. आमच्यातले काही जण निघाले, मलाही बोलावलं. तिकिटाचे पैसे होते, घरातूनही ना नव्हती. जानेवारीतली मोजणी बुडेल म्हणून मी गेले नाही. पुढच्या वर्षी जाऊ म्हटलं. मग हे राहिलं, ते राहिलं. २००२ च्या हिवाळ्यानंतर तो पक्षी भरतपूरला दिसलेला नाही. आता तो मला दिसायचा नाही. परत आल्यावर मैत्रिणीने वर्णन केलं होतं, पांढराशुभ्र, लाल तोंड, पंख उघडले की टोकं काळी. मी ऐकून घेतलं आणि तिला विचारलं, किती होते? ती म्हणाली, तुझ्यासारखी हेकट बाई मी पाहिली नाही.

तर मी हेकट आहे. त्या वेळी जायला हवं होतं असं मी तुला म्हणणार नाही, तू कितीही वाट बघितलीस तरी. तो पक्षी भरतपूरला वर्षागणिक कमी होत गेला हे आपल्याला कशावरून कळलं? दर हिवाळ्याला तिथे कुणीतरी मोजत होतं म्हणून. त्या माणसाने तेव्हा आणखी कुठलं तरी सुंदर पाखरू बघायचं सोडलंच असेल की नाही? मग मी इथे तेच केलं तर त्यात एवढं हसण्यासारखं काय आहे? माझा क्रौंच गेला, ठीक. माझ्याकडे तो जानेवारी आहे. त्या जानेवारीत पाषाणला काय होतं ते दुसऱ्या कुणाला सांगता येणार नाही.

जास्त बोलले. पुन्हा तुझ्याकडे येते.

इंग्रजांच्या काळात पाणीपुरवठ्यासाठी नदी अडवून केलेलं हे तळं आहे, देवाने दिलेलं अभयारण्य नव्हे. ते कमी-जास्त होत आलंय आणि होत राहील. उद्या ते खरंच संपलं तर तसं म्हणायलाही वहीच लागेल. तू वीस वर्षांचा आहेस. मी जे आकडे दिले त्यांच्यापुढे आता तुझे लागले पाहिजेत, माझे गुडघे त्या बांधावर किती दिवस येतील सांगता येत नाही.

बाबांचं उत्तर राहिलं. त्यांना समजावत बसू नकोस. एका रविवारी पहाटे बरोबर ने, दुसरी दुर्बीण मी देते, आणि वारकरी मोजायला लाव. काळे, पांढऱ्या कपाळाचे, भरपूर असतात आणि सारखे हलत असतात. तुझा आकडा आणि त्यांचा आकडा एकमेकांना न सांगता लिहा, मग ताडून बघा. जुळायचा नाही. हिशोब न जुळलेला त्यांना सहन होत नाही हे तूच मला एकदा सांगितलं होतंस, तेव्हा ते पुढच्या रविवारी आपणहून उठतील असा माझा अंदाज आहे. न उठले तर तू एकटा जा.

जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना असते, १९८७ पासून दर वर्षी चाललेली. या वेळी बांध मी घेते. नदी तळ्यात शिरते ती वरची बाजू तुझी. डिसेंबरात दोनदा जाऊन वाट बघून ठेव, चिखल किती आहे, कुठून दिसतं, ऊन कुठल्या वेळी डोळ्यांवर येतं. गमबूट लागतील. उजाडायच्या आत पोच, सूर्य वर आला की फिरणारे लोक आणि कुत्री येतात आणि तुतवार उठून जातात. तोवर थापट्याचे तीन रकाने भरत राहा आणि दर रविवारी संध्याकाळी मला पाठव. पत्र नको, नुसते आकडे पाठव. शून्यासकट.

तुझी,
काकू

ता. क. तुझ्या जुन्या दुर्बिणीतून धूसर दिसतं लिहिलंस, ती आतल्या भिंगावरची बुरशी असणार, पावसाळ्यात कपाटात ठेवलीस ना? स्वतः उघडू नकोस, भिंगं हलली की दोन दिसायला लागतात. मला आणून दे, साफ करणारा माणूस माहीत आहे. आणि नवीन घ्यायचीच झाली तर आठ बाय बेचाळीस घे. दहाची घेऊन हात थरथरतो आणि थवा मोजताना पाणी सगळं नाचतं. घरी घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेव, बुटांच्या खोक्यात मिळतात त्या.